आय-थ्री: जुन्या लॅपटॉपवर लावावा असाच

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या ४ जीबी रॅमच्या सेकंडहँड लॅपटॉपला आय-थ्री हा लिनक्सवरचा विंडो मॅनेजर, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या मांडणारा प्रोग्राम, मनापासून सुचवेन. डेबियन या लिनक्सवर त्याचं पॅकेज टाका आणि लॉगिन करताना सेशन बदलून आय-थ्री निवडा. पहिल्याच वेळी मॉड की, म्हणजे सगळ्या शॉर्टकटसाठी दाबून धरायची की, विचारली जाते. विंडोज की घ्या, कारण ऑल्ट दिल्यास इतर प्रोग्रामचे शॉर्टकट अडतात. मॉड-एंटर दाबलं की कमांड टाइप करायचं टर्मिनल उघडतं, मॉड-डी दाबलं की नाव टाइप करून हवा तो प्रोग्राम उघडता येतो.

मूळ फॉन्ट ८ पॉइंटचा असतो, त्यात मराठी जोडाक्षरं वाचवत नाहीत. आय-थ्रीच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये, तो ११ करा, मग मॉड-शिफ्ट-आर दाबून आय-थ्री पुन्हा सुरू करा. ब्राइटनेसची बटणंही चालत नाहीत, कारण ती कॉन्फिगमध्ये जोडलेलीच नसतात. ब्राइटनेस-सीटीएल हा छोटा प्रोग्राम टाकून कॉन्फिगमध्ये दोन बाइंडसिम ओळी, म्हणजे बटणाला कमांड जोडणाऱ्या ओळी, लिहा. आय-थ्री स्वतः कमी रॅम घेतो, ब्राउझर मात्र पूर्वीइतकीच खातो.