आंतर-ट्रॅपी थरांतले शिंपले-शंख सोडवताना: आम्ल की सुई?

नागपूरजवळच्या टाकळीसारख्या ठिकाणी दख्खनच्या दोन लाव्हाथरांमध्ये दबलेल्या गाळाच्या थरांत, म्हणजे आंतर-ट्रॅपी थरांत, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडतात. त्यातली फायसा लगेच ओळखू येते: शेंडा वर धरला की तोंड डाव्या हाताला. लिम्निया या दुसऱ्या गोगलगायीचं उजवीकडे.

खडकातून ती सोडवायची कशी, हे ठरवण्याआधी कवचाच्या एका तुटक्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर कवच चुन्याचं आहे. आम्ल विसरा, नाहीतर खडकाबरोबर शंखही विरघळेल.

मूळ कवचाची जागा सिलिकाने (वाळूतल्या खनिजाने) घेतलेली आणि भोवतालचा खडक चुन्याचा असेल, तर मात्र आम्लासारखा उपाय नाही. ५ ते १० टक्के ॲसिटिक आम्ल घ्या (आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नको) आणि नमुना प्लास्टिकच्या जाळीवर बुडवा. कवचावरच्या वाढरेषासुद्धा शाबूत निघतात. घात होतो तो धुण्याच्या घाईने. छिद्रांत उरलेलं कॅल्शियम ॲसिटेट वाळताना स्फटिक होऊन फुगतं आणि कवच तडकतं. म्हणून आम्लात जितके दिवस, त्याच्या दुप्पट-तिप्पट दिवस पाण्यात, रोज पाणी बदलून.

सुई संथ आहे, पण चुन्याच्या कवचाला तीच. सूक्ष्मदर्शकाखाली, टोक कवचापासून दूर जाईल अशा कोनात कण उडवायचे.

चर्टमध्ये (सिलिकाच्याच कठीण खडकात) अडकलेल्या सिलिकाच्या कवचाला दोन्ही नाहीत: आम्ल चालत नाही, सुई घसरते. तिथे घासून पातळ काप काढणंच उत्तम.