थायलंडच्या डोंगरात हत्तींकडे सात दिवस, माझ्याकडून ५ पैकी ४

लई दिवस लिहायचं लिहायचं म्हणून राहून गेलं, बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सगळं टाकते. उत्तर थायलंडमध्ये चियांग माईवरनं डोई इंथाननचा डोंगर ओलांडला (तिकडचं सगळ्यात उंच शिखर, २५६५ मीटर, आणि आमचा ड्रायव्हर घाटात एका हाताने कॉफी पित होता) की मे चेम म्हणून भाग लागतो. तिथल्या एका करेन लोकांच्या (डोंगरात राहणारी जमात) खेड्यात हत्तींची छोटी सँक्च्युअरी आहे, तिथे मी नोव्हेंबरात व्हॉलंटियर म्हणून राहिले. म्हणजे पैसे पण आपणच भरायचे आणि काम पण आपणच करायचं. एवढ्यात गोव्याला चार दिवस आरामात झाले असते, हे आईने निघेपर्यंत तीनदा ऐकवलं.

आधीच सांगून टाकते, हत्तीला हात लावायला मिळत नाही. अंघोळ नाही, केळी भरवणं नाही, सेल्फी तर नाहीच. तेच पाहिजे असेल तर जाऊच नका. चियांग माईत दर दुसऱ्या दुकानाबाहेर हत्तीसोबत पाण्यात भिजणाऱ्या टुरिस्टांचे बोर्ड आहेत आणि नाव सगळ्यांचं सँक्च्युअरीच. २०२५ च्या जानेवारीत तिकडे दक्षिणेला एका बेटावर हत्तीला अंघोळ घालताना एक स्पॅनिश मुलगी जिवानिशी गेली, तरी ते बोर्ड आहेत तिथेच आहेत.

काम काय तर सकाळी माहूत पुढे, आपण मागे, तासभर चढ चढायचा. शेण किती ओलं आहे, बांबू कुठे मोडलाय हे बघत तो जातो आणि बरोब्बर हत्तीपाशी नेऊन उभं करतो. मग लांब बसून कागदावर दर पाच मिनिटांनी लिहायचं की हत्ती काय करतोय. माझ्या कागदावर वरपासून खालपर्यंत "खातोय, खातोय, खातोय". दिवसातले सोळा-अठरा तास त्यांचं तेच चालू असतं म्हणे. पहिल्या दिवशी कंटाळा आला खरं सांगायचं तर. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी हत्तीण बघत बसले होते, तिने गवताचा झुबका मुळासकट उपटला, पुढच्या पायावर दोनदा आपटून माती झाडली आणि मग तोंडात टाकला. आमची आजी रानात मुळा उपटून अस्संच मांडीवर झटकायची. त्यानंतर मी कंटाळले नाही.

आता खटकलेलं. संध्याकाळी त्याच हत्तिणीच्या पायात साखळी. मी तर हादरलेच, म्हटलं फसवलं आपल्याला. मग तिथल्या को-ऑर्डिनेटर ताईला मध्ये बसवून माहुताला विचारलं तर तो समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून हसला. सगळा डोंगर मक्याचा, कोंबड्या-डुकरांच्या खाद्याला जाणारा, एक झाड शिल्लक नाही. रात्री हत्ती त्यात घुसला तर नुकसान भरून कोण देणार, आणि फवारलेलं खाऊन हत्ती मेला तर? म्हणून रात्रीपुरती लांब साखळी, जंगलातच. पटलं का? अर्धं पटलं.

त्याच्याकडनंच कळलं की हत्ती सँक्च्युअरीचा नाहीच, त्याच्या घरचाय. १९८९ ला सरकारने जंगलतोड बंद केली तोवर ही हत्तीण लाकडं ओढायची, मग काम गेलं आणि टुरिस्ट कॅम्पात पाठीवर माणसं बसवायला गेली. २०२० ला कोरोनात कॅम्प बंद पडले तेव्हा या भागातले कितीतरी हत्ती माहुतांसोबत चालत गावाला परत आले. आता सँक्च्युअरी त्याला महिन्याचं भाडं देते म्हणून ती इथे आहे, भाडं थांबलं की परत कॅम्प. आम्ही कोल्हापूरकडची माणसं, २०२५ ला नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण गुजरातच्या वनतारा प्राणी केंद्रात नेली तेव्हा तिला परत आणा म्हणून मी पण रडून स्टेटस ठेवले होते. साखळी बघून ओरडणारी मी आणि तेव्हाची मी एकच का, असं त्या रात्री झोप येईना तेव्हा डोक्यात आलं. असो, कोंबडे पण साडेतीनलाच सुरू होतात.

एक मार्क कापलाय तो शाळेसाठी. दुपारी गावातल्या पोरांना इंग्लिश शिकवायचं असतं, तयारी काहीच नाही, आधीच्यांनी काय शिकवलं त्याची वही पण नाही. मी फळं शिकवायला उभी राहिले तर पोरांनी माझ्याआधीच सगळी घडाघडा म्हणून दाखवली. दर आठवड्याला नवा चेहरा येऊन तीच सफरचंद-केळी शिकवतो, पोरं बिचारी हसून ऐकून घेतात. हे बंद करा नाहीतर नीट करा, मी तिथे फॉर्मवर पण लिहून आले.

राहायचं गावातल्याच एकाच्या घरात, लाकडी घर, गादी जमिनीवर, मच्छरदाणी. गरम पाण्याचं बघून घ्या, मला सातपैकी दोन दिवस मिळालं आणि नोव्हेंबरात डोंगरात चांगलाच गारठा असतो. घरची आजी कमरेला पट्टा बांधून जमिनीवर बसून मागावर कापड विणायची आणि जेवायच्या आधी उखळात मिरची कुटायची, वासावरनं थेट आपला खर्डा. व्हेज असाल तर "मांगसविरत" म्हणायचं, नीट ऐका, आपलं मांसविरतीच आहे ते. तरी फिश सॉस विचारून घ्या. मी शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती आजीने संपवली.

फेब्रुवारी ते एप्रिल जाऊ नका, शेतं आणि जंगल पेटवतात, धुराने समोरचा डोंगर दिसत नाही. पावसाळ्यात जळवा. आणि आपल्या व्हिसावर असं काम चालतं का ते बुकिंगच्या आधी लेखी विचारा, मी ज्यांच्याकडून बुक केलं त्यांनी शेवटपर्यंत गोलगोल उत्तरं दिली.

सात दिवसांत हत्तीसोबत माझा एकही फोटो नाही, त्यामुळे ऑफिसात अजून सगळ्यांना वाटतंय मी पटायाला जाऊन आले.