पिल्लू घ्यावं की पोक्त मांजर?

शेल्टरमध्ये मांजर बघायला आलेली माणसं बहुतेक वेळा पिल्लांच्या पिंजऱ्यापाशीच रेंगाळतात. मागच्या कोपऱ्यात पाठ फिरवून बसलेल्या सात-आठ वर्षांच्या भाटीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. दिसण्याचा मोह बाजूला ठेवला, तर बऱ्याच घरांना तीच जास्त मानवेल असं माझं मत आहे. सगळ्याच घरांना नाही.

पैशांचं आधी बोलू. पिल्लाचा खर्च सुरुवातीलाच येतो: आठव्या आठवड्याच्या सुमारास ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन विषाणूजन्य आजारांवरची) लस, तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, तीन महिन्यांचं झालं की रेबीज, अधूनमधून जंताचं औषध, मग नसबंदी. नसबंदी टाळून चालत नाही, कारण मादी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत घरात बाळंतपण! शेल्टरमधल्या मोठ्या मांजराचं हे सगळं बहुधा उरकलेलं असतं. तरी लशींचं कार्ड मागून बघाच. एका कानाचं टोक कापलेलं दिसलं तर ती जखम नव्हे, नसबंदी झाल्याची खूण असते.

पोक्त मांजराचा खर्च पुढे येतो. दहाच्या पुढे किडनीचं दुखणं फार मांजरांना होतं, शिवाय दात, सांधे आणि थायरॉईड. म्हणून घरी आणण्याआधी व्हेटकडून रक्ततपासणी करून घ्या: किडनीसाठी क्रिएटिनिन आणि थायरॉईडसाठी टी-फोर तरी हवंच, आणि घरात दुसरं मांजर असेल तर एफआयव्ही व ल्युकेमिया या मांजरांत एकमेकांना लागणाऱ्या विषाणूंचीही. तोंडाची तपासणी स्वतःही करता येते. ओठ अलगद वर करा. हिरडीच्या कडेला लाल रेघ, दातांवर पिवळा-तपकिरी थर आणि तोंडाला कुबट वास असेल, तर दातांचं काम निघणार असं धरून चाला. घरी आल्यावर लिटर ट्रेवर, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेवर, नजर ठेवा. ओल्या वाळूचे गोळे अचानक मोठे झाले आणि पाण्याचं भांडं लवकर रिकामं व्हायला लागलं, तर पुन्हा रक्त तपासायचं.

कार्डावर लिहिलेलं वय मात्र शब्दशः घेऊ नका. पक्के दात सहा-सात महिन्यांत येऊन जातात, त्यानंतर वय सांगायचं ते अंदाजानेच. ‘आठ वर्षं’ म्हणजे सहाही असू शकतात आणि अकराही.

स्वभावाच्या बाबतीत मोठ्या मांजराचं पारडं जड आहे. पिल्लू पुढे मांडीवर बसणारं निघेल की पडद्यावर लटकणारं, हे आज कुणीच सांगू शकत नाही. मोठ्याचं बरंचसं कळतं, फक्त ते पिंजऱ्यासमोर दोन मिनिटं उभं राहून नव्हे. भुंकण्याच्या आवाजात दबून बसलेला बोका घरी गेल्यावर वेगळाच निघतो. त्याला रोज खायला घालणाऱ्या माणसाला विचारा: उचलू देतो का, इतर मांजरांवर फिस्कारतो का?

दिवसभर ऑफिसला जाणाऱ्या एकट्या माणसाने एकटं पिल्लू घेऊ नये. घेतलीच तर दोन घ्यावीत, ती आपसात खेळतात. नाहीतर सरळ मोठं मांजर आणावं. त्याचा दिवस बहुतेक झोपेतच जातो. सत्तरीतल्या आजी-आजोबांनाही मी पोक्त मांजरच सुचवेन. घरात राहणारं मांजर सहज पंधरा वर्षं जगतं, तेव्हा पिल्लू आणताना पुढे त्याला कोण सांभाळणार हे ठरवावं लागतं. घरात आधीच मांजर असेल तर पिल्लाला बहुधा लवकर सामावून घेतलं जातं; दोन मोठ्या मांजरांना एकमेकांची सवय व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. पिल्लू असो की मोठं मांजर, बाल्कनी-खिडक्यांना जाळी हवीच, त्यात सूट नाही.

मोठं मांजर आणलंत तर पहिले काही दिवस त्याला एकच खोली द्या. पलंगाखाली बसलं तर बसू द्या, ओढून काढू नका. शेल्टरमध्ये जे खात होतं तेच द्या. पण चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही, तर ‘रुळेल हळूहळू’ म्हणत न थांबता व्हेटला फोन करा; उपाशी राहिल्याने मांजराचं यकृत बिघडतं, आणि लठ्ठ मांजराचं तर पटकन.