राऊटिनेटर : मार्गांचा सातबारा तपासणारे सॉफ्टवेअर, वर्षभराच्या वापरानंतर

जळगाव जिल्ह्यात आमची लहानशी इंटरनेट सेवा आहे. अमळनेर, चोपडा आणि सावदा या भागांतील घरे, दुकाने आणि केळीच्या वखारी हे आमचे ग्राहक. आमच्या नावावर १०२४ आयपी पत्त्यांचा एक सलग गट, म्हणजे एक /२२, आणि स्वतःचा एएस नंबर, म्हणजे इंटरनेटवर आमचे नेटवर्क ओळखणारा क्रमांक, आहे. जळगाव आणि भुसावळ येथे दोन वेगवेगळ्या मोठ्या कंपन्यांकडून आम्ही बँडविड्थ घेतो. नेदरलँड्समधील एनएलनेट लॅब्ज या संस्थेचे ‘राऊटिनेटर’ हे मोफत सॉफ्टवेअर वर्षभर वापरल्यावर, आमच्यासारख्याच लहान आयएसपी चालकांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

बीजीपीमध्ये, म्हणजे कोणते पत्ते कुठल्या मार्गाने गाठायचे हे नेटवर्क एकमेकांना कळवतात त्या पद्धतीत, कोणीही कोणताही पत्ता ‘माझ्याकडे आहे’ असे जाहीर करू शकतो आणि शेजारचा राऊटर ते खरे मानतो. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या /२२ मधला एक /२४ (तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे लांबी; तो जितका मोठा तितका गट लहान) स्वतःचा म्हणून जाहीर केला; तो मूळ गटापेक्षा लहान, म्हणजे अधिक नेमका असल्याने जगभरच्या राऊटरांनी त्यालाच पसंती दिली आणि यूट्यूब सुमारे दोन तास दिसेनासे झाले. यावर उपाय म्हणून आरपीकेआय ही पडताळणीची व्यवस्था आली. पत्ते ज्याच्या नावावर आहेत त्याने पत्ते वाटणाऱ्या नोंदणीसंस्थेच्या खात्यातून ‘हा गट अमुक एएस जाहीर करील, आणि जास्तीत जास्त इतक्या लांबीपर्यंतच’ अशी स्वाक्षरीची नोंद करायची. या नोंदीला आरओए म्हणतात. हा पत्त्यांचा सातबाराच समजा. जगातील पाचही प्रादेशिक नोंदणीसंस्थांकडच्या अशा नोंदी गोळा करून, त्यांच्या स्वाक्षऱ्या तपासून, निकालाची यादी आपल्या राऊटरला पुरवणे हे राऊटिनेटरचे काम.

याची गरज आम्हाला स्वतःच्या चुकीतून कळली. गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळचा भार एकाच जोडणीवर येत होता, म्हणून मी /२२ चे दोन /२३ केले, एक जळगावहून आणि एक भुसावळहून जाहीर केला आणि मूळ /२२ मागे घेतला. आमच्या आरओएमध्ये कमाल लांबी २२ च होती, हे त्या घाईत माझ्या लक्षात आले नाही. जळगावकडची कंपनी अवैध, म्हणजे आरओएशी न जुळणारे, मार्ग टाकून देते, त्यामुळे निम्मे ग्राहक पूर्ण बंद पडले. भुसावळकडची तसे करत नाही, पण तिच्या पुढची अनेक नेटवर्क करतात, त्यामुळे उरलेल्या निम्म्यांना काही संकेतस्थळे दिसत होती, काही नाही. अमळनेरहून एका दुकानदाराचा फोन आला, ‘भाऊ, नेट काबर बंद शे?’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण आमच्या राऊटरवर सगळे व्यवस्थित दिसत होते. अखेर धुळ्याच्या एका व्यवसायबंधूंनी त्यांच्याकडच्या राऊटिनेटरच्या पानावर आमचा /२३ आणि एएस नंबर टाकून पाहिला. उत्तर आले : अवैध, कारण लांबी. ‘दादा, तुमचा एएस बरोबर आहे, तुकडा चुकला आहे. आधी /२२ परत लावा,’ असे ते म्हणाले, आणि तो लावताच थोड्याच वेळात सेवा पूर्ववत झाली.

त्या एका शब्दातल्या कारणामुळेच मी या सॉफ्टवेअरची मनापासून शिफारस करतो. नुसते ‘अवैध’ न म्हणता एएस जुळत नाही की लांबी जास्त आहे हे ते सांगते, आणि कोणत्या नोंदीशी तुलना झाली तेही खाली दाखवते.

दुसऱ्या दिवशी मी कमाल लांबी सरळ २४ करून टाकणार होतो. धुळ्याच्या त्याच बंधूंनी मला थांबवले, आणि ते योग्यच होते. आरओए फक्त उगम, म्हणजे मार्ग मुळात कोणत्या एएसने जाहीर केला ते, तपासते, मधला रस्ता नाही. नोंद २४ पर्यंत सैल ठेवली आणि आपण प्रत्यक्षात /२२ च जाहीर करत असलो, तर एखादा लबाड आपला एएस नंबर उगम म्हणून पुढे करून आपला /२४ जाहीर करू शकतो. तो वैध ठरतो आणि अधिक नेमका म्हणून जिंकतोही. म्हणून जे जाहीर करतो तेवढ्याचीच नोंद ठेवावी, असा सल्ला इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफनेही २०२२ मध्ये दिला आहे.

खरे तर तुकडे न करणे हेच उत्तम. शेतजमिनीसाठी आपल्याकडे १९४७ पासून तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा आहे. मार्गांसाठी तसा कायदा नाही, आणि त्याचे ओझे सगळे मिळून वाहतात. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक मार्गांची संख्या ५ लाख १२ हजारांवर गेली तेव्हा अनेक जुन्या राऊटरांची त्यासाठीची स्मृती अपुरी पडली. आज ही संख्या १० लाखांच्या आसपास आहे. मात्र तुकडेजोड आपल्याच पत्त्यांची करावी. वेगवेगळ्या एएसचे मार्ग एकत्र करून उगमाच्या जागी एएसचा संच लिहिला, तर उगम एक उरत नाही आणि कोणतीही आरओए त्याच्याशी जुळत नाही. ही पद्धत टाळण्याची शिफारस २०११ मध्ये झाली आणि २०२५ मध्ये ती मानकातूनच बाद झाली.

बसवणे सोपे आहे. आमच्या कार्यालयातल्या ४ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर डेबियन ही मोफत कार्यप्रणाली टाकून ते विनातक्रार चालते आणि ठरावीक मांडणीप्रमाणे दर १० मिनिटांनी नोंदी ताज्या करते. उणिवाही आहेत. आपला मार्ग अवैध ठरला तरी ते स्वतःहून फोनवर इशारा देत नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था उभारावी लागते. पान पूर्ण इंग्रजीत आहे, त्यामुळे रात्रपाळीच्या मुलांना मी त्यातले चार शब्द मराठीत लिहून भिंतीवर लावले आहेत. शिवाय एकच प्रत चालवणे धोक्याचे आहे. ती बंद पडली आणि राऊटरकडची यादी शिळी झाली की सगळे मार्ग ‘नोंद नाही’ या वर्गात जातात. सेवा त्याने थांबत नाही, पण पडताळणी नकळत संपते.

आणखी एक गोष्ट आधी पाहावी. आपल्या भागात बहुतेकांकडे मायक्रोटिकचा राऊटर आहे आणि त्यात आरपीकेआयची सोय त्याच्या सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीपासूनच मिळते. जळगावच्या राऊटरवर ती आहे, म्हणून तिथे अवैध मार्ग आम्ही नाकारतो. भुसावळला अजून सहावीच आहे. तो राऊटर पावसाळ्याआधी बदलणार आहोत, आणि राऊटिनेटरची दुसरी प्रतही तिथेच ठेवू.