न्यू वेव्हचा पहिला अल्बम: ‘द कार्स’ घ्यावा की ‘द बी-५२ज’?

न्यू वेव्ह म्हणजे पंक या उग्र, साध्या रॉकपाठोपाठ सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेलं रॉक संगीत. त्यातले हे दोन्ही पदार्पणाचे अल्बम, दोन्हींना बँडचंच नाव, दोन्हींत गाणी नऊच. त्यातला एकच घ्यायचा असेल, तर तुमचे कान कशाला सरावलेत ते आधी पाहा.

रॉक ऐकत आला असाल तर अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या बँडचा ‘द कार्स’ (जून १९७८) लगेच पचतो. निर्माता रॉय थॉमस बेकर, म्हणजे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचाच. त्याने लंडनच्या एअर स्टुडिओत आवाजांचे थर चढवले. ‘गुड टाइम्स रोल’चं ध्रुवपद ऐकताना मागे मोठा कोरस उभा आहे असं वाटतं, आणि त्यापुढे गायक रिक ओकासेकचा कोरडा, अलिप्त आवाज. हा विरोधाभास म्हणजेच कार्स. पंकच्या वाटेला न जाणाऱ्या अमेरिकी रेडिओने ही गाणी आनंदाने वाजवली. बिलबोर्ड या अमेरिकी लोकप्रियता-यादीत अल्बम १८ व्या क्रमांकापर्यंतच चढला, पण यादीत टिकला १३९ आठवडे.

‘द बी-५२ज’ (जुलै १९७९) आला जॉर्जियातल्या अथेन्स या कॉलेजच्या गावातून. या अल्बममध्ये बास गिटार नाहीच. खालचे सूर केट पिअर्सन की-बोर्डवर सांभाळते. रिकी विल्सन गिटारच्या मधल्या तारा काढून उरलेल्या वेगळ्या सुरांत लावायचा. त्यामुळे एकाच गिटारीतून खाली जाड घुमारा आणि वर टोचणारी तार असं दोन्ही निघतं. मध्ये मोकळी जागा राहते, आणि तिथे केट, सिंडी विल्सन व फ्रेड श्नायडर यांचे आवाज नाचतात. बहामातल्या नासाऊच्या स्टुडिओत निर्माता क्रिस ब्लॅकवेलने ही मोकळीक बुजवली नाही, हे त्याचं मोठं काम.

विक्रीत हा मागे: बिलबोर्डवर ५९ वा. पण त्यातलं ‘रॉक लॉब्स्टर’ कॅनडात पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि १९८० साली बर्म्युडात ते कानावर पडल्यावर बीटल्सवाल्या जॉन लेननला पत्नी योको ओनोची गायकी आठवली, थांबलेलं संगीताचं काम पुन्हा सुरू करायला हुरूप आला. त्याच वर्षी अथेन्समध्येच आर.ई.एम. हा रॉक बँड उभा राहिला.

ऐकताना फसगत होते ती अशी. कार्सचं ‘मूव्हिंग इन स्टिरिओ’ मोबाइलच्या एका स्पीकरवर लावलं, तर डावी-उजवीकडे फिरणारा आवाज गायबच होतो, हेडफोन लावा. ते गाणं न थांबता ‘ऑल मिक्स्ड अप’मध्ये शिरतं, म्हणून शफल बंद ठेवा. बी-५२जच्या ‘प्लॅनेट क्लेअर’ला खालचे सूर देणारा स्पीकर हवा, नाहीतर गाणं पोकळ वाटतं.

आमचा कौल बी-५२जला. कार्ससारखं वाजवणारे पुढे बरेच झाले, ही रचना मात्र दुसऱ्या कुणाला जमली नाही. डिजिटल प्रत घेणार असाल तर ‘रॉक लॉब्स्टर’ची लांबी तपासा: अल्बममधलं पावणेसात मिनिटांच्या वर आहे. पाच मिनिटांच्या आत संपत असेल, तर ते सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं छोटं रूप आहे.