कनेक्टरला एसीएफ-50 की सिलिकॉन ग्रीस?

समुद्राजवळ सेस्ना 172 हे छोटं विमान सांभाळणाऱ्या मित्राचा प्रश्न: वायरींच्या कनेक्टरच्या पिना हिरवट पडतायत, एसीएफ-50 (गंजरोधक पातळ तेल) मारू की डीसी-4 हे सिलिकॉन ग्रीस भरू?

आधी दोन्ही बाजूला ठेव. बॅटरीची जोडणी सोडव, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पिना धू, पूर्ण वाळू दे. सोन्याचा मुलामा असेल तर सँडपेपर अजिबात नको. मुलामा गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि गंज दुप्पट जोमाने येतो. घाणीवर काहीही फासणं म्हणजे गंज झाकून ठेवणं.

पोहोच बघितली तर एसीएफ-50 सरस: पातळ असल्याने फटींत झिरपतं, ओल हटवतं. ग्रीस लावाल तिथेच बसतं. टिकण्यात मात्र उलटं. पातळ थर उतरत जातो, तो पुन्हा मारावा लागतो. ग्रीस राहतं, पण ओल आत उरली तर तीही कोंडून ठेवतं. शिवाय सील सिलिकॉन रबराचं असेल तर ते फुगू शकतं. रंगकाम करायचं असेल तर सिलिकॉन जवळ नकोच. रंग धरत नाही, मग पेंटरच्या शिव्या.

केबिनमधल्या, वरचेवर उघडणाऱ्या कनेक्टरला एसीएफ-50. पंखाच्या टोकाच्या दिव्यासारख्या, पाऊस झेलणाऱ्या आणि क्वचित उघडणाऱ्या जोडाला ग्रीस. अर्थात मेंटेनन्स मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेच.