लिस्बनचा पहिला दिवस: बायशा की अल्फामा?

एकट्यानं पायी फिरायचं, तर सुरुवात लिस्बनच्या या दोन वस्त्यांपैकी कुठून करावी? बायशा सपाट. १७५५ च्या भूकंपानंतर पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या काळात काटकोनात आखलेले रस्ते. नकाशा खिशात ठेवला तरी नदीकाठचा कोमेर्सियू चौक सापडतोच. पण दुकानं नि गर्दी लवकर कंटाळा आणतात.

अल्फामा त्या भूकंपातून बरंचसं वाचलं, म्हणून गल्ल्या अजून अरुंद, चढाच्या, मध्येच पायऱ्या लागणाऱ्या. पावसात फरसबंदी निसरडी होते, बूट चांगले हवेत. वाट चुकलात तर चढत राहा. वर पोर्ताश दु सोल या उंचावरच्या जागेहून तेजू नदी दिसते. पायथ्याशी टोकदार दगडांचं काझा दुश बिकुश हे घर आहे, गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कच्या मुलानं १५२३ मध्ये बांधलेलं. गुडघे साथ देत असतील तर मी अल्फामाच सांगेन. बायशा संध्याकाळी, पाय थकल्यावर.